पारख आणि पैज

मुलाचे पाय पाळण्यांत दिसतात, अशी आपल्याकडे म्हण आहे. म्हण म्हणून ती गोड आहे. परंतु इतिहासाच्या अभ्यासकास ती नेहमींच संशयास्पद वाटत आली आहे. कारण पाळण्यांतले पाय कोणीं पाहिले, केव्हां पाहिले, आणि पाहून काय म्हटलें, याची नोंद बहुधा कोठेंच नसते. मूल मोठें होऊन कीर्तीस चढलें म्हणजे शेजारीपाजारी, आप्तेष्ट आणि चरित्रकार हे सारे एकमुखानें सांगूं लागतात कीं, आम्हांस हें पूर्वींच दिसलें होतें. ज्यांचे पाय तितकेच गोंडस होते, पण जीं पुढें कोठेंच पोहोंचलीं नाहींत, अशा मुलांचीं चरित्रें कोणी लिहीत नाहीं. भविष्य किती वेळां खरें ठरलें आणि किती वेळां खोटें, याचा जमाखर्च मांडावयाचा असेल, तर ज्याची तारीख लेखी नमूद आहे व ज्याच्या कर्त्याचें नांव ठाऊक आहे, असेंच भविष्य हातीं घेतलें पाहिजे.

असें एक दप्तर अमेरिकेंत आहे. तें ना राजकारणाचें, ना वाङ्मयाचें. तें बास्केटबॉल या खेळाचें आहे. त्या देशांतील धंदेवाईक संघ दरवर्षीं होतकरू तरुणांची जाहीर निवड करितात. तिला तिकडे ‘ड्राफ्ट’ म्हणतात. कोणत्या संघानें कितव्या क्रमांकावर कोणास घेतलें, आणि घेतांना कोणास सोडलें, हें लागलीच छापून प्रसिद्ध होतें. निवडलेला मुलगा पुढें किती सामने खेळला, त्यानें किती गुण मिळविले, हेंहि त्याच्या निवृत्तीपर्यंत आंकड्यांनीं नोंदलें जातें. येथें पारख करणारास मागाहून आपली साक्ष फिरवितां येत नाहीं. म्हणूनच अंगचें कसब असामान्य, पण भरवसा मात्र धोक्याचा, अशा तरुणाची पारख कशी करावी, या जुन्या प्रश्नाचा विचार करण्यास हें दप्तर फार उपयोगी आहे. खेळाची गोडी नसलेल्या वाचकानेंहि तें चाळावें, कारण त्यांत खेळापेक्षां मनुष्यस्वभावच अधिक दिसतो.

प्रथम या प्रथेचे नियम थोडक्यांत सांगितले पाहिजेत. बास्केटबॉल असोसिएशन ऑफ अमेरिका हें संघमंडळ १९४६ सालीं स्थापन झालें, आजच्या एन. बी. ए. चें मूळ तें हेंच. या मंडळानें १९४७ सालीं पहिली निवड केली. तत्त्व असें कीं, गेल्या मोसमांत जो संघ दुबळा ठरला त्यास निवडीचा हक्क आधीं मिळावा, म्हणजे बलाढ्य संघ सारे गुणी तरुण पैशाच्या जोरावर उचलूं शकणार नाहींत. आरंभीं संघांना आपल्या परिसरांतील कॉलेजांचा खेळाडू क्रम मोडून घेण्याची सवलत असे. ती १९६५ नंतर बंद झाली. १९६६ पासून १९८४ पर्यंत दोन विभागांतील तळाच्या दोन संघांमध्यें पहिल्या क्रमांकासाठीं नाणेफेक होई. १९८५ पासून सोडत निघते. १९८९ पासून निवडीच्या दोनच फेऱ्या होतात. म्हणजे साऱ्या जगांतून वर्षास साठाच्या आसपास नांवें पुकारलीं जातात. ज्या संघाची स्थिति अत्यंत वाईट त्यालाच सर्वांत मोठा निर्णय प्रथम घ्यावा लागतो, ही या व्यवस्थेची गंमत ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. येथें बुडत्यालाच काडी आणि नौका यांतला भेद ओळखावयास सांगितलेलें असतें.

आरंभच मोठा बोधप्रद झाला. १९४७ सालीं पहिलें नांव पुकारलें गेलें तें क्लिफ्टन मॅक्नीली याचें. हा गृहस्थ या मंडळांत एकहि सामना न खेळतां शाळेंतील क्रीडाशिक्षक होऊन राहिला. पुढें १९५० सालीं बोस्टन संघानें आपल्याच प्रांतांतील होली क्रॉस कॉलेजचा लोकप्रिय खेळाडू बॉब कूझी यास वगळून चक शेअर या उंच खेळाडूस घेतलें. कूझीला दुसऱ्या एका संघानें निवडलें. त्याच्याकडून तो शिकागोच्या एका संघाकडे गेला, आणि तो संघच मोडला. शेवटीं त्या संघाच्या तीन खेळाडूंचीं नांवें एका टोपींत घालून तीन संघांनीं तीं उचललीं. बोस्टनच्या वांट्यास कूझी आला, आणि मालकांची निराशा झाली. हाच कूझी १९५७ सालीं मोसमांतील सर्वश्रेष्ठ खेळाडू ठरला व बोस्टनच्या सहा अजिंक्यपदांचा भागीदार झाला. येथें पारख हरली आणि टोपी जिंकली, एवढेंच म्हणतां येतें.

परंतु दैवाचा भाग वगळून निखळ पारखीचा विचार करावयाचा, तर १९ जून १९८४ हा दिवस घेतला पाहिजे. त्या दिवशीं न्यूयॉर्क येथें झालेल्या निवडींत ह्यूस्टननें पहिल्या क्रमांकावर नायजेरियांत जन्मलेला ओलाजुवॉन घेतला. दुसरा क्रमांक ओरेगन राज्यांतील पोर्टलंड संघाकडे होता. त्यानें केंटकी विद्यापीठाचा सॅम बोवी घेतला. तिसऱ्या क्रमांकावर शिकागोस नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाचा मायकेल जॉर्डन मिळाला. जॉर्डननें पुढें शिकागोस सहा अजिंक्यपदें मिळवून दिलीं, आणि बोवीचें नांव फसलेल्या निवडीचें प्रतीक होऊन बसलें. गेलीं चाळीस वर्षें ही कथा मूर्खपणाचा मासला म्हणून सांगितली जात आहे. पण उशिरां सुचलेलें शहाणपण बाजूस ठेवून, निर्णयाच्या दिवशीं पोर्टलंडच्या चालकांच्या मेजावर कोणतीं कागदपत्रें होतीं, तें पाहणें हें इतिहासकाराचें काम आहे.

त्या काळीं या खेळांतील सर्वमान्य सिद्धांत असा होता कीं, अजिंक्यपद हें उंच सेंटरच्या खांद्यावर बसून घरीं येतें. १९५७ ते १९६९ या तेरा मोसमांत बोस्टनला अकरा अजिंक्यपदें मिळवून देणारा बिल रसेल हा सेंटरच होता. आणि खुद्द पोर्टलंडला १९७७ सालीं जें एकुलतें एक अजिंक्यपद लाभलें, तें बिल वॉल्टन या सेंटरमुळें. जॉर्डनच्या जागेवर खेळणारा क्लाइड ड्रेक्सलर हा तरुण त्यांनीं आदल्याच वर्षीं घेतला होता, व तोहि पुढें नामवंतांत गणला गेला. बोवी सात फूट एक इंच उंच असून चेंडू हाताळण्यांत निपुण होता. उलट शिकागोचे व्यवस्थापक रॉड थॉर्न यांनीं जॉर्डन पदरांत पडल्यावरहि, तो सात फूट असता तर बरें झालें असतें, अशा अर्थाचे उद्गार काढले. ज्यांस रत्न सांपडलें त्यांनाहि त्याची पुरती ओळख नव्हती. मग ज्यांनीं तें सोडलें त्यांनाच तेवढें आंधळें कां म्हणावें?

मात्र एक गोष्ट मेजावर स्पष्टपणें मांडलेली होती. बोवीच्या डाव्या नडगीच्या हाडाला तडा जाऊन तो कॉलेजांत लागोपाठ दोन मोसम खेळूं शकला नव्हता. पोर्टलंडनें त्याची दीर्घ वैद्यकीय तपासणी करविली व डॉक्टरांनीं अनुकूल मत दिलें. पुढें २०१२ सालीं एका चित्रपटांत बोवीनें स्वतःच सांगितलें कीं, नडगीवर लहानशा हातोडीनें ठोकून पाहत असतां आपणास वेदना होत होत्या, पण आपण कांहीं होत नाहीं असें सांगत राहिलों. तेवीस वर्षांच्या मुलापुढें कुटुंबाचें भवितव्य उभें असतां त्यानें दुसरें काय सांगावें? त्याच्यावर लबाडीचा ठपका ठेवण्यापूर्वीं, ही परीक्षा रचतांनाच काय चुकलें होतें तें पाहिलें पाहिजे. ज्याचें सारें आयुष्य एका उत्तरावर अवलंबून आहे, त्याच्याच तोंडून तें उत्तर काढून घेणें, आणि तें आपल्या इच्छेप्रमाणें निघालें म्हणजे समाधान मानणें, यास तपासणी म्हणतां येत नाहीं. प्रश्न विचारणारे आणि उत्तर देणारा या दोघांनाहि एकच उत्तर हवें होतें. आणि ज्या वॉल्टननें पोर्टलंडला अजिंक्यपद दिलें, त्याच वॉल्टनचें पाऊल लगेच पुढच्या मोसमांत दुखावून त्याची कारकीर्द विस्कटली होती, हा इतिहास त्यांच्या घरचाच होता! मनुष्य आपल्या इतिहासांतला सुखाचा अर्धा भाग पाठ करितो आणि दुसरा अर्धा विसरतो.

पुढें काय झालें तें थोडक्यांत असें. पहिल्या मोसमांत बोवी ७६ सामने चांगला खेळला. त्यानंतर त्याच्या पायाचीं हाडें पुनःपुन्हां मोडलीं. पोर्टलंडच्या पांच मोसमांत मिळून तो १३९ सामने खेळला. एक मोसम तर सबंधच वायां गेला. १९८९ सालीं पोर्टलंडनें त्यास न्यू जर्सीकडे धाडून बक विल्यम्स हा खेळाडू घेतला. विल्यम्स आणि ड्रेक्सलर यांच्या जोरावर पोर्टलंड १९९२ सालीं अंतिम फेरीपर्यंत पोहोंचलें. तेथें त्यास हरविलें तें जॉर्डनच्या शिकागोनें. बोवी मात्र न्यू जर्सीस गेल्यावर चार मोसम उपयुक्त खेळाडू म्हणून टिकला, व १९९५ सालीं दहा मोसमांची कारकीर्द संपवून निवृत्त झाला. ज्यास जग ‘फसलेला’ म्हणतें, त्याची ही वास्तविक हकीकत आहे.

या कथेंत एक लहानसें प्रकरण आहे, तें सहसा कोणी वाचीत नाहीं. १९८५ च्या ऑक्टोबरांत, आपल्या दुसऱ्या मोसमाच्या तिसऱ्याच सामन्यांत, जॉर्डनचेंहि पाऊल मोडलें आणि तो ६४ सामन्यांस मुकला. तें हाड नीट सांधलें. न सांधतें तर? तर शिकागोचे चालक अदूरदर्शी व पोर्टलंडचे शहाणे ठरले असते, आणि त्या दिवशींचे निर्णय मात्र अक्षरशः तेच राहिले असते. यावरून पहिला निष्कर्ष निघतो. निर्णयाचें मोल त्याच्या फळावरून ठरवूं नये. निर्णयाच्या वेळीं काय ठाऊक होतें आणि तें कसें तोललें गेलें, यावरून ठरवावें. या मापानें पोर्टलंडचा दोष उंच सेंटर हवासा वाटण्यांत नव्हता. ह्यूस्टननेंहि जॉर्डनला सोडून सेंटरच घेतला, पण त्यास कोणी दोष देत नाहीं, कारण ओलाजुवॉननें १९९४ व १९९५ सालीं अजिंक्यपदें आणलीं. पोर्टलंडचा दोष असा कीं, त्यांनीं बोवीचा धोका एकटाच मोजला. धोका हा कधीं एकटा मोजावयाचा नसतो. तो पत्करतांना हातचें काय सोडावें लागतें, त्याच्याशीं तो ताडून पाहावयाचा असतो. बोवीचा पाय बरा आहे काय, एवढेंच विचारून भागत नव्हतें; ज्याच्या शरीराची अशी कोणतीच तक्रार नाहीं असा दुसरा गुणी तरुण समोर असतां, हा पाय कां पत्करावा, हा खरा प्रश्न होता.

हाच प्रसंग त्याच संघावर पुन्हां ओढवावा, हा इतिहासाचा विनोद म्हटला पाहिजे. २००७ सालच्या सोडतींत पोर्टलंडला पहिला क्रमांक मिळाला. एका बाजूस सात फुटांचा सेंटर ग्रेग ओडन. दुसऱ्या बाजूस सडपातळ केविन ड्युरंट, ज्यास निवडीपूर्वींच्या चांचणींत १८५ पौंडांचें वजन एकदांहि उचलतां आलें नव्हतें. पोर्टलंडनें ओडन घेतला. त्याच वर्षीं सप्टेंबरांत ओडनच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया होऊन पहिला मोसम बुडाला. पुढें दुसऱ्या गुडघ्याची वाटी मोडली. पोर्टलंडसाठीं तो सारे मिळून ८२ सामने खेळला. एका संपूर्ण मोसमाचे सामने तेवढेच असतात. वजन उचलूं न शकलेला ड्युरंट २०१४ सालीं मोसमांतील सर्वश्रेष्ठ ठरला. येथें चांचणीनें काय मोजलें? जें सहज मोजतां येतें तें मोजलें. जें महत्त्वाचें तें नव्हे. परीक्षकाच्या हातांत गज असला म्हणजे त्यास सारें जग लांबीरुंदीचेंच दिसूं लागतें. हा दोष खेळापुरता नाहीं. आम्हां शिक्षकवर्गास तर तो पूर्ण परिचयाचा आहे.

पण शरीराचा धोका पत्करूंच नये, असा याचा अर्थ काढावयाचा काय? तसेंहि नाहीं. २०१४ सालीं कॅमेरून देशांतून आलेला जोएल एम्बीड निवडीच्या दाराशीं आला तो पावलाच्या मोडलेल्या हाडावर नुकतीच शस्त्रक्रिया करवून. बास्केटबॉल खेळूं लागून त्यास फार वर्षें झालीं नव्हतीं. फिलाडेल्फियानें त्यास तिसऱ्या क्रमांकावर घेतलें. तो एक मोसम खेळला नाहीं. दुसराहि खेळला नाहीं. त्या दुसऱ्या मोसमांत संघानें ८२ पैकीं ७२ सामने गमावले. ज्यांनीं ही निवड केली ते व्यवस्थापक सॅम हिंकी यांस एम्बीडचा पहिला सामना होण्यापूर्वींच, एप्रिल २०१६ मध्यें, राजीनामा द्यावा लागला. पुढें २०२३ सालीं एम्बीड मोसमांतील सर्वश्रेष्ठ खेळाडू ठरला, तरी त्याचें शरीर त्यास वारंवार दगा देतच राहिलें. बोवी, ओडन आणि एम्बीड या तिघांचा धोका एकाच जातीचा होता. अंतर पडलें तें कांहीं दैवानें, आणि कांहीं त्या घरच्या धीरानें. ज्यास आज उपयोग हवा आहे त्यानें असा मुलगा घेऊं नये. ज्यास तीन वर्षें वाट पाहण्याची ऐपत आहे, त्यानें हिशेब मांडून घ्यावा.

शरीराचा धोका निदान दिसतो तरी. कांहीं धोके अजिबात दिसत नाहींत. १७ जून १९८६ रोजीं, नुकत्याच अजिंक्य झालेल्या बोस्टननें दुसऱ्या क्रमांकावर मेरीलंड विद्यापीठाचा बावीस वर्षांचा लेन बायस यास निवडलें. त्याच्या अंगीं सारें कांहीं होतें. दोन दिवसांनीं, १९ जूनला, कोकेनच्या सेवनानें तो मरण पावला. देश हादरला, आणि त्या हादऱ्याच्या भरांत अमेरिकी काँग्रेसनें त्याच वर्षीं ऑक्टोबरांत एक कठोर कायदा केला. त्यान्वयें पांच ग्रॅम ‘क्रॅक’ कोकेनच्या व्यापारास जी किमान पांच वर्षांची शिक्षा ठरली, तीच शिक्षा भुकटीच्या रूपांतील कोकेनसाठीं पांचशें ग्रॅमला होती. या शंभरपट भेदाचा भार मुख्यतः कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांवर पडला, आणि २०१० सालीं तो अठरापटीवर आणण्यांत आला. एका तरुणाविषयीं बांधलेली आशा फसली, आणि तिच्या शोकांतून हजारों अनोळखी माणसांचे तुरुंगवास लांबले. होतकरू तरुणाच्या पारखीशीं समाजाचा किती गुंता असतो, याचें याहून दारुण उदाहरण मला ठाऊक नाहीं.

आतां धोक्याचा तिसरा प्रकार पाहूं: कोवळें वय. पूर्वीं कॉलेजचीं चार वर्षें पुरीं झाल्यावांचून खेळाडूस घेत नसत; स्पेन्सर हेवूड याच्या प्रकरणांत १९७१ सालीं सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय होऊन ही अट ढिली पडली. १९७४ सालीं मोझेस मलोन हा हायस्कुलांतून थेट धंदेवाईक खेळांत उतरला, व पुढें तीन वेळां मोसमांतील सर्वश्रेष्ठ ठरला. आदल्यानें यश मिळविलें म्हणजे पुढच्यांवर उड्या पडतात. १९७५ सालीं आणखी दोन शाळकरी मुलें घेतलीं गेलीं, पण त्यांचें तेज अपेक्षेइतकें पडलें नाहीं. झालें! दुधानें तोंड पोळलेल्या चालकांनीं वीस वर्षें ताकहि फुंकून प्यालें. १९९५ सालीं मिनेसोटानें केविन गार्नेटला पांचव्या क्रमांकावर घेतलें, तेव्हां कोठें हायस्कुलांतून थेट येण्याचें हें दार पुन्हां उघडलें.

पुढच्याच वर्षीं सतरा वर्षांचा कोबी ब्रायंट तेराव्या क्रमांकावर निवडला गेला, आणि लॉस एंजेलिसच्या लेकर्स संघानें आपला मुरलेला सेंटर देऊन त्यास घेतलें. पहिल्या मोसमांत त्याची सरासरी ७.६ गुण होती. त्या मोसमाच्या शेवटीं, मे १९९७ मध्यें, युटाविरुद्ध निकराच्या सामन्यांत अखेरच्या मिनिटांत त्यानें चार वेळां चेंडू टाकला, आणि चारहि वेळां तो जाळीच्या कड्यासहि न लागतां हवेंतून खालीं आला. अठरा वर्षांच्या मुलाची याहून जाहीर फजिती ती कोणती! तरीहि संघानें त्याच्यावरचा विश्वास काढून घेतला नाहीं. पुढें त्यानें पांच अजिंक्यपदें मिळविलीं.

याच्याशेजारीं क्वामी ब्राउनची कथा ठेवून पाहावी. २००१ सालीं वॉशिंग्टननें त्यास पहिल्या क्रमांकावर घेतलें. हायस्कुलांतून थेट येऊन पहिला क्रमांक मिळविणारा तो पहिलाच. निवड करणारा कोण? स्वतः मायकेल जॉर्डन! सतरा वर्षांपूर्वीं ज्यास ओळखण्यांत परीक्षक चुकले, तो आतां परीक्षकाच्या आसनावर बसला होता. आणि त्याच हिंवाळ्यांत तो खेळाडू म्हणून मैदानांतहि परतला. पहिल्या मोसमांत ब्राउनची सरासरी ४.५ गुण होती. ब्रायंटच्या आरंभाहून ती फारशी वेगळी नव्हती. पण ब्रायंट आला तो ज्या घरांत शकील ओनील याच्यासारखा बलाढ्य सेंटर त्याच उन्हाळ्यांत दाखल झाला होता. पोराच्या खांद्यावर जूं नव्हतें. शिवाय त्याचा बाप स्वतः धंदेवाईक खेळाडू असल्यानें हें जग त्यास बाळपणापासून परिचित होतें. ब्राउनच्या खांद्यावर मात्र पहिल्या क्रमांकाचें ओझें पहिल्याच दिवशीं आलें, आणि जॉर्डनचे तिखट बोल त्यास ऐकावे लागत, असें त्या काळच्या वृत्तांतांतून दिसतें. अलौकिक पुरुष चांगला परीक्षक असतोच असें नाहीं. त्याला जें सहज साधलें तें दुसऱ्यास कां साधत नाहीं, हेंच त्यास उमजत नाहीं.

ब्राउन बारा मोसम या खेळांत टिकला. बारा मोसम टिकणें हें सामान्य खेळाडूच्या दृष्टीनें मोठें यश. पण पहिल्या क्रमांकाच्या तागडींत घातलें कीं तेंच अपयश होतें. २००८ च्या फेब्रुवारींत, तोंपर्यंत लेकर्सकडे आलेला ब्राउन मेंफिसला देण्यांत आला, आणि बदल्यांत आला तो पाऊ गॅसोल. २००१ च्या त्याच निवडींत तिसरा आलेला स्पॅनिश खेळाडू. गॅसोलच्या साह्यानें ब्रायंटनें २००९ व २०१० सालीं अजिंक्यपदें जिंकलीं. जगानें मेंफिसला हंसून घेतलें. परंतु त्याच व्यवहारांत मेंफिसला गॅसोलच्या धाकट्या भावाचे, मार्कचे, हक्क मिळाले होते. ४८ व्या क्रमांकावर निवडलेला हा मार्क २०१३ सालीं बचावांतील सर्वश्रेष्ठ खेळाडू ठरला. हंसणारांचाहि हिशेब अपुराच होता! असो. २००५ सालच्या करारानें किमान एकोणीस वर्षांची व शाळा सोडून एक वर्ष लोटल्याची अट आली, व २००६ पासून हायस्कुलांतून थेट येण्याचें दार मिटलें. नियमानें धोका एक वर्ष पुढें ढकलला; नाहींसा केला नाहीं.

राहिला चौथा प्रकार, परदेशांतील अनोळखी मुलगा. १९९८ सालीं जर्मनींत दुसऱ्या दर्जाच्या स्पर्धेंत खेळणाऱ्या डर्क नोविट्स्कीला डॅलसनें पदरांत घेतलें. त्याचा पहिला मोसम फिकाच गेला. पण तो एकवीस मोसम त्याच संघाकडे राहिला व २०११ सालीं त्यानें डॅलसला अजिंक्यपद दिलें. परदेशी खेळाडूंविषयींची भूक त्याच्या उदयानें वाढली. २००३ सालीं डेट्रॉइटनें दुसऱ्या क्रमांकावर नुकताच अठरा वर्षांचा झालेला सर्बियन मुलगा डार्को मिलिचिच यास घेतलें, आणि कार्मेलो अँथनी, ख्रिस बॉश व ड्वेन वेड हे तिघे मागें राहिले. त्या तिघांविषयीं पुष्कळ ठाऊक होतें, म्हणजे त्यांचे दोषहि ठाऊक होते. मिलिचिचविषयीं थोडेंच ठाऊक होतें. झांकली मूठ सव्वा लाखाची, असें आपण म्हणतों तें यालाच. शिवाय डेट्रॉइट हा त्या वेळीं बलाढ्य संघ होता. २००४ सालीं तो अजिंक्य झाला. अशा घरांत शिकाऊ पोरास खेळावयास कोण देणार? पहिल्या मोसमांत मिलिचिच ३४ सामन्यांत सामन्यागणिक पांच मिनिटांहूनहि कमी वेळ मैदानांत होता. अजिंक्य संघांत जाणें हें त्याचें भाग्य म्हणावें कीं दुर्भाग्य? खेळ सोडल्यावर तो मायदेशीं परतून सफरचंदांच्या बागा करूं लागला.

उलट २०१३ सालीं ग्रीसमधील दुय्यम स्पर्धेंत खेळणारा, अथेन्स येथें नायजेरियन मातापित्यांच्या पोटीं जन्मलेला यानिस आंतेतोकूंबो हा पंधराव्या क्रमांकावर मिल्वॉकीकडे गेला. संघ दुबळा होता. हरण्याची लाज नव्हती. पोरास चुका करावयास मैदान मोकळें होतें. २०२१ सालीं अंतिम फेरीच्या निर्णायक सामन्यांत पन्नास गुण करून त्यानें मिल्वॉकीस अजिंक्यपद दिलें. २०१४ सालीं सर्बियाच्या निकोला योकिचचें नांव ४१ व्या क्रमांकावर पुकारलें गेलें, तेव्हां दूरचित्रवाणीवर जाहिरात चालू होती. तो पुढें तीन वेळां सर्वश्रेष्ठ ठरला व २०२३ सालीं डेन्व्हरला त्यानें अजिंक्यपद मिळवून दिलें. २०१५ सालीं पंजाबांतील बल्लो के या खेड्याचा सतनाम सिंग ५२ व्या क्रमांकावर डॅलसकडे गेला. निवडला गेलेला तो पहिला भारतीय. त्यास मोसमांतील एकहि सामना खेळावयास मिळाला नाहीं. दारापर्यंत पोहोंचणें आणि घरांत नांदणें यांतील अंतर केवढें असतें, हें त्याच्या उदाहरणानें आपल्यालाहि कळलें.

आतां या साऱ्या दप्तराचा इत्यर्थ काय? मला तो असा दिसतो. ‘हा मुलगा यशस्वी होईल काय?’ हा प्रश्नच मुळांत अर्धा आहे. यश म्हणजे मुलाच्या अंगीं दडलेली, परीक्षकानें शोधून काढावयाची वस्तु नव्हे. बीज आणि जमीन यांच्या संयोगानें तें घडतें. ब्रायंट वॉशिंग्टनला जाता, मिलिचिच मिल्वॉकीस जाता, तर काय झालें असतें, हें कोणासच सांगतां येणार नाहीं. पण ज्या घरांत ते गेले त्या घराचा त्यांच्या भवितव्यांत मोठा वांटा होता, हें नाकारतां येणार नाहीं. म्हणून पारख करणारानें मुलाची परीक्षा घेतल्यावर तीच परीक्षा स्वतःचीहि घ्यावी. याचा धोका कोणत्या जातीचा आहे, शरीराचा, वयाचा, कीं केवळ आपल्या अज्ञानाचा? तो पत्करतांना मी काय सोडतों? आणि तो पडेपर्यंत, पडल्यावर पुन्हां उठेपर्यंत, वाट पाहण्याचा धीर माझ्या घरांत आहे काय? या तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर नाहीं असें असेल, तर पहिल्या दोहोंचीं उत्तरें कितीहि चांगलीं असलीं तरी व्यर्थ आहेत.

आणखी एक गोष्ट. या व्यवहारास पैज म्हणतात, पण पैजेचा नियम येथें पाळला जात नाहीं. पैज लावणारा हरला तर पैसा त्याचा जातो. येथें हरतो परीक्षक, आणि नांव जातें पोराचें. पोर्टलंडच्या चालकांचीं नांवें आज थोड्यांनाच आठवतात. बोवीचें, ओडनचें, ब्राउनचें नांव मात्र थट्टेचा विषय झालें. यांपैकीं कोणीहि ‘मला पहिला घ्या’ असें म्हणून कोणास फसविलें नव्हतें. क्रमांक दुसऱ्यांनीं दिला, अपेक्षा दुसऱ्यांनीं बांधली, आणि ती फसली तेव्हां हिशेब मात्र त्यांच्या खातीं टाकला. परीक्षा घेणें, प्रवेश देणें, नेमणूक करणें, शिष्यवृत्ति देणें हीं कामें ज्यांच्याकडे येतात, त्यांनीं हें दप्तर एकदां तरी वाचावें. चूक होईल म्हणून निवडच करूं नये, असें कोणी म्हणणार नाहीं. पण चुकलेली निवड ही निवडणाराची चूक आहे, निवडलेल्याचा अपराध नव्हे, एवढें जरी ध्यानीं राहिलें, तरी पुढच्या पोराशीं आपण अधिक न्यायानें वागूं.